घशात अडकलेला ऊस

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पोंगलनंतरच्या आठवड्यात पापनाशमजवळच्या एका गावात रामचंद्ररावांची गाय मेली. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात गुरांचा डॉक्टर होतो.

आदल्या दिवशी मोपेडवरून पोहोचलो तेव्हा ती लाळ गाळत उभी होती. चारा नाही, पाणी नाही. मट्टू पोंगलला, म्हणजे गुरांच्या सणाला, तिला ऊस खाऊ घातला होता. तोच घशात अडकलाय, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"हात घाला, डाक्टर," रामचंद्रराव म्हणाले. मूळचे तंजावूरच्या राजवाड्याकडचे, घरी माझ्यासारखीच मराठी. "आम्हाला काही लागलं नाही हाताला."

गाय हंबरली. आवाज घोगरा, फाटलेला. मागचे पाय लटपटत होते. मी हात घातला नाही.

"कुत्रं चावलं होतं?"

"कार्तिकात. जखम केव्हाच भरली."

रेबीजचा विषाणू जखमेतून नसांवाटे मेंदूत जातो, तिथून लाळेत उतरतो. घसा लुळा पडतो. बघणाऱ्याला वाटतं, काही अडकलंय. ती लाळ माणसाच्या उघड्या जखमेला लागली तरी पुरते.

"तोंडात हात कोणी घातला?"

"मी. आणि वळ्ळियम्मानं."

वळ्ळियम्माचा हात बारीक. गुराच्या घशात काही अडकलं की गाव तिलाच बोलवायचं. ती आली. दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांचे ताजे चिरे होते.

"अक्का, उद्यापासून इंजेक्शनं. पोटात, रोज."

"गाय चावली का मला?" ती हसली. "भ्यालात तुम्ही, म्हणून मी टोचून घेऊ?"

गाय मेल्यावर तिचं डोकं बर्फात घालून मद्रासला पाठवलं. तपासणी उंदरांवर व्हायची, वेळ लागायचा. एसटीडी बूथवरून तंजावूरच्या इस्पितळाला कळवलं. रामचंद्ररावांनी इंजेक्शनं सुरू केली. वळ्ळियम्मा गेली नाही. मी पुन्हा तिच्या दारात गेलो.

"कापणी चालू आहे," ती म्हणाली. "तुमचा रिपोर्ट येऊ दे. मग बघू."

"रिपोर्टची वाट पाहू नका, अक्का."

"जा हो. तुमची गुरं खोळंबली असतील."

मार्चअखेर तिला पाणी गिळवेना. माशाचा काटा अडकला असं समजून घरच्यांनी तिला आधी वैद्याकडे नेलं. त्यानं घशात बोटं घालून पाहिलं. मग तिला तंजावूरला हलवलं. तिथे दुसऱ्या दिवशी ती गेली.

मद्रासचा रिपोर्ट त्यानंतर आला. पॉझिटिव्ह. त्या दिवशी वैद्याला इस्पितळात नेऊन पहिलं इंजेक्शन दिलं.