अंबूबाईच्या स्वप्नातली ओटी

कडेगावात अंबूबाईशी भांडण व्हायला कुणाला घराबाहेर पडावं लागत नसे. तिच्या स्वप्नात गेलं की पुरे होई. तिथे माणूस काय बोलला, कसा वागला, याचा जाब ती सकाळी सडा घालता घालता विचारी.

तिचं म्हणणं सरळ होतं. डोळ्यांनी दिसलं, कानांनी ऐकलं आणि काळजाला लागलं, म्हणजे ते झालंच. त्या वेळी आपण उभ्या होतो की अंथरुणावर आडव्या, एवढ्याशा फरकाने खऱ्याचं खोटं कसं होईल? लग्न होऊन आली त्याच वर्षी घरातला विळा हरवला होता. तो गोठ्याच्या वळचणीला खोचलेला तिला स्वप्नात दिसला, आणि सकाळी तिथेच सापडला. त्या एका विळ्याच्या जोरावर तिने सगळा संसार रेटला. खोटी निघालेली स्वप्नं कुणी ध्यानात ठेवली नाहीत. तिने तर नाहीच नाही.

नवरा मानसिंग फौजेत होता, हवालदार होऊन घरी आला. नोकरीत असताना एकदा तो रजेवर आला, तर बायकोने भाकरी पुढ्यात सरकवली आणि पाठ फिरवली. दोन दिवसांनी कारण कळलं. पुसेसावळीच्या बाजारात तो एका परक्या बाईला बांगड्या भरताना दिसला होता.

"अगं, मी जम्मूला हुतो की तवा!"

"म्हंजे जम्मूलाबी हुता आन् पुसेसावळीलाबी. लय फिरताय की!"

शेवटी मानसिंगने तिला डझनभर बांगड्या आणून दिल्या तेव्हा कुठे चूल नीट पेटली. न केलेल्या गुन्ह्याची सजा भोगून सुटलेला आपल्या पलटणीतला पहिला गडी मीच, असं तो पारावर सांगे.

शेजारची बनाबाई म्हणायची, "तुझं बरं हाय बाई. झोपंत बी भांडाय गावतंय. आमाला जागेपनी बी सवड न्हाई."

पण पंच्याहत्तर साली हे प्रकरण अंगाशी आलं.

अंबूबाईची एकुलती एक लेक विजयमाला सांगलीला विश्रामबागेत दिली होती. तिला सातवा महिना लागला होता. सासू लीलाबाईने गुरुवारी ओटभरण ठेवलं होतं, आणि ते झालं की अंबूबाईने लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी घेऊन यायचं ठरलं होतं. मऊसूत जुन्या लुगड्यांची बाळाची गोधडी शिवून तयार होती. अंबूबाई येता-जाता तिच्यावरून हात फिरवी.

सोमवारी पहाटे ती हुंदके देतच उठली. मानसिंग दचकून बसला.

"काय झालं गं?"

"इहिनबाईनं अब्रू घेतली माझी. समद्या बायकांच्या ओट्या भरल्या. माझ्याम्होरं आली आन् हात झटकून फुडं गेली. तबकात नारळ हुता तरी!"

"सपान पडलं व्हय! मला वाटलं काय झालं."

"हे काय कमी झालं?"

"अगं, ते खरं न्हवं."

अंबूबाईने उशी उचलून त्याच्या हातात दिली. "हात लावून बघा. वली हाय का न्हाई? पानी खरं आन् ते ज्याच्यापायी आलं ते खोटं? आन् तुमी कशाला सांगताय? पासष्टच्या लढाईचा बार झोपंत ऐकून खाटंखाली शिरता, तवा म्या कंदी म्हनले का, खोटं हाय, भाईर या? मीबी कंदील घिऊन खाली वाकून बसते न्हवं?"

हवालदाराने उशी हळूच जागेवर ठेवली.

"मग गुरुवारचं?"

"मी जानार न्हाई. जिनं माझी ओटी भरली न्हाई, तिचा उंबरा मी चढायची न्हाई."

"आन् पोरगी?"

दिवसभर अंबूबाई गोधडीची घडी मोडत आणि पुन्हा घालत राहिली. लेक वाटेकडे डोळे लावून बसणार, हे तिला समजत होतं. पण अपमान गिळून गेलं, तर सासरी लेकीचीच मान खाली जायची. मानसिंग काही न बोलता टोपी घालून सांगलीच्या एसटीत बसला.

तो परतला मंगळवारी, आणि मागोमाग खुद्द लीलाबाई एसटीतून उतरली. मुलाची आई व्याह्यांच्या दारी न बोलावता आलेली बघून बनाबाई हातातलं सूप तसंच घेऊन दारात येऊन उभी राहिली. लीलाबाई शाळेत मुलींना शिवण शिकवायची. चष्मा, छत्री आणि कातरीसारखी जीभ. घोंगडीवर बसली आणि पाण्याचा तांब्या तिने बाजूला सारला.

"पाणी मागाहून. मी म्हणे तुमच्या स्वप्नात येऊन तुमचा अपमान केला?"

"म्हने न्हवं. केलासा."

"केला असेल. मी नाही म्हणत नाही."

अंबूबाई गडबडली. 'छे हो, मी कशाला' याला द्यायची सगळी उत्तरं तिने चुलीपुढे बसून तयार ठेवली होती. आजवर असं एका शब्दात कुणी कबूल झालं नव्हतं.

"पण माझ्या स्वप्नात येऊन तुम्ही काय केलंत, त्याचं काय?" लीलाबाईने चष्मा वर सरकवला.

"मी? मी कवा आले?"

"गेल्याच आठवड्यात. आमच्या दारातून सुनेला हाताला धरून ओढत नेलंत. वर शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणालात, हिच्या घरची आमटी म्हणजे ऊन पाणी."

अंबूबाईचा हात तोंडावर गेला. आमटीचं हे मत तिचंच होतं, शब्दाला शब्द. पण ते तिने फक्त घरात बोलून दाखवलं होतं. तिने मानसिंगकडे पाहिलं. मानसिंग आढ्याकडे बघत कौलं तपासत होता.

"दुपारचं सपान का पहाटंचं?" तिने खडा टाकून पाहिला.

"पहाटेचं. कोंबडा आरवत होता."

"विश्रामबागंत कोंबडं हाय व्हय?"

"स्वप्नात होता."

बनाबाईच्या हातातलं सूप थरथरायला लागलं. ती हसू दाबत होती.

अंबूबाई पुरती पेचात सापडली. ही बाई थापा मारते आहे, असा वास तिला येत होता. पण तसं म्हणावं कसं? दुसऱ्याच्या स्वप्नात डोकावायला देवाने खिडकी ठेवलेली नाही, आणि आजवर तिचं सगळं राज्य त्याच खिडकीच्या नसण्यावर चाललं होतं. लीलाबाईचं स्वप्न खोटं म्हणावं, तर आपलंही गेलं. विळा गेला, बांगड्या गेल्या. खरं म्हणावं, तर विहिणीपुढे अपराधी ठरलो.

एकदम तिचा चेहरा बदलला.

"वढत नेलं म्हंता... पोटुशी पोर ती. पडली तर न्हाई?"

लीलाबाई काहीतरी झणझणीत बोलणार होती. ते ओठावरच राहिलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"नाही हो. उंबऱ्याला पाय अडखळला होता. पण तुम्ही सावरलंत तिला."

"व्हय ना? सावरलं ना म्या?"

"दोन्ही हातांनी."

"मग चुकलं माझं, इहिनबाई. वढाय नको हुतं."

"माझंही चुकलं. तबकात नारळ असून पुढे जायला नको होतं." लीलाबाईने तांब्या पुढे ओढला. "आता पाणी द्या. आणि गुरुवारी लवकर या. आमटी तुमच्याच हातची करू."

गुरुवारी विश्रामबागेतल्या त्या घरी हिरव्या चोळीत बसलेल्या विजयमालाची ओटी भरून झाली. मग लीलाबाई तबक घेऊन वळली, ती आपल्या नणंदेला, जावेला ओलांडून थेट अंबूबाईपुढे आली. खण, नारळ आणि ओंजळी ओंजळीने तांदूळ. पदर फाटतो की काय असं वाटायला लागलं.

अंबूबाईने मात्र तबकाकडे निरखून पाहिलं. तेच तबक, त्याच बायका, तोच नारळ. सोमवारी पहाटे पाहिलेलं सगळं जसंच्या तसं, फक्त शेवट गोड. एवढं गोड झोपेतच असतं. आता कोंबडा आरवेल आणि आपण कडेगावात जाग्या होऊ, पोरगी इथेच राहील.

ती ओटी सांभाळत उठली, बाहेर सोप्यात पुरुषमंडळींत गेली आणि चहा पिणाऱ्या मानसिंगच्या दंडाला तिने कचकून चिमटा काढला.

"आई गं!" हवालदार उडाला. चहा धोतरावर सांडला. "अगं, मला का? सोताला काड की!"

"सोताला काडून काय कळतंय? सपनात बी मीच मला चिमटं काडते. दुसरं मानूस वरडाय पायजे."

"सपनात बी मी वरडंन की!"

अंबूबाईने क्षणभर विचार केला. "न्हाई. तितं तुमी उलटून बोलत न्हाईसा."

तिची खात्री पटली. ती आत गेली, लेकीचं गाठोडं काखेला मारलं आणि विजयमालाचा हात धरून एसटीकडे निघाली. अगदी बेताने धरला होता तिने तो हात. ओढतेय असं कुणाला वाटायला नको.