तिसऱ्या दिवशी मोडलेला सप्ताह

देवाचं नाव घेत मी माझ्याच नवऱ्याचा जीव घ्यायला निघाले होते, हे आज कबूल करते. यांचं रोजचं पिणं वीस वर्षांचं. सरकारी कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी कशीबशी पार पडली, निवृत्तीनंतर तर सकाळपासूनच सुरू. कंटाळून बसवनगुडीच्या घरात मी दत्तमहाराजांपुढे सप्ताह मांडला. सात दिवस जप, यांनी उंबरा ओलांडायचा नाही, थेंबाला शिवायचं नाही. जाळीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली ठेवली पादुकांपाशी. भारी शहाणी मी!

दुसऱ्या दिवशी यांचे हात थरथरायला लागले, घामाने सदरा भिजला. मी म्हटलं, विष बाहेर पडतंय, महाराज यांना धुऊन काढतायत. तिसऱ्या दिवशी सकाळी हे भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. तरी मी हट्टाने जपाचा आवाज चढवला.

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या घरी पूजेला आलेली एक अनोळखी बाई मजला चुकली होती. मी जाळीआडूनच तिला जिना दाखवत होते, पण तिची नजर यांच्यावर खिळली. कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, यांची रोजची दारू एकदम बंद केलीत का? मी नर्स आहे. इतक्या वर्षांची सवय अशी तोडली की मेंदू बिथरतो. फिट येऊन माणूस जातो. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या."

"अहो, पण संकल्प केलाय! अजून चार दिवस आहेत."

"देवाला मी सांगते. तुम्ही आधी कुलूप काढा."

मी रडत रडत कुलूप काढलं. ॲम्ब्युलन्समध्ये यांना फिट आलीच. पण तेव्हा औषध हाताशी होतं आणि ती बाई यांना कुशीवर वळवून धरून बसली होती. डॉक्टर म्हणाले, दारू सुटायलाच हवी, पण रोज पिणाऱ्याने ती आमच्या नजरेखाली, औषधं घेत सोडायची. घरी कोंडून नव्हे.

महाराजांना शरण गेले, असं मी चारचौघांत सांगत होते. शरण कसली! त्यांनी माझ्या मनासारखं करावं म्हणून अडून बसले होते. त्यांनी माणूस दारात धाडला, तर मी त्यालाही वाटेला लावत होते. त्या बाईला साधं पाणीही विचारलं नाही, याची अजून लाज वाटते. रोज दिवा लावताना तिच्यासाठी हात जोडते.

सातव्या दिवशी वॉर्डात यांनी स्वतःच्या हाताने दहीभात खाल्ला आणि हळूच विचारलं, "सप्ताह पुरा झाला का गं?"

"मोडला," मी म्हटलं. "म्हणून तर विचारताय."