कॅनॉलमधला एक जास्तीचा खेकडा

सणसरला आत्याकडं गेले की मला एकच गोष्ट करायची असते, कॅनॉलमधले खेकडे धरायचे. कॅनॉलचं पाणी बंद झालं की तळाला डबकी राहतात, कडेच्या दगडी बांधकामात भोकं असतात आणि त्या भोकांत हे बसलेले असतात. मी बारामतीत कॉलेजला. सुट्टी लागली की पहिला फोन आत्याला, "पाणी बंद झालं का गं?" ती म्हणते, "माणसं बरी हायत का, ते न्हाय इचारायचं व्हय आदी?"

आत्याचे नियम आहेत. सरकारी वगैरे नाहीत, पण त्या पुलाखाली सगळे पाळतात, कारण नाही पाळले तर आत्या चारचौघांत बोलते. पोटाखाली पिल्लं असलेली खेकडी हातात आली तरी परत ठेवायची. मुठीपेक्षा लहान असला तर सोडायचा. भोकात आधी काडी, मग हात. काडी न घालता हात घातला आणि आत साप निघाला तर ती साप सोडून तुम्हालाच बोलणार. आणि सगळ्यात कडक नियम, पाटकऱ्यानं हाक दिली की त्याच पावली वर. पाटकरी म्हणजे कॅनॉलच्या पाण्यावर देखरेख करणारा माणूस. पाणी सुटलं की तो मोटरसायकलवरून काठाकाठानं ओरडत जातो.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी पाणी सुटणार होतं, पण दुपारनंतर, असं गावात सगळे म्हणत होते. आम्ही सकाळीच उतरलो. अकराच्या सुमाराला बादली अर्धी झाली आणि आत्या म्हणाली, "बास. चल वर."

आणि तेवढ्यात मला तो दिसला. पुलाखाली, अगदी तळाशी एक भोक होतं, त्यात नुसती एक नांगी. केवढी! माझ्या बोटाएवढी जाड!

"आत्या, एकच! मला व्हिडिओ करायचाय, प्लीज!"

तिनं वर उन्हाकडं बघितलं. मग पदर खोचला, कुशीवर आडवी झाली, काडी घातली. काडी आतून ओढली गेली, म्हणजे खेकडाच. तिनं हात घातला, कोपरापर्यंत.

मी मोबाईल धरलेला. वरून मोटरसायकलचा आवाज आला आणि पाटकरी तात्यांची हाक, "पाणी आलं रं! मागच्या पुलापातूर आलंय! हाय का कुनी खाली?"

मी जोरात ओरडले, "आलो तात्या, आलो!"

ते गेले पुढं. मी वळून बघते तर आत्या तशीच आडवी. तोंड पांढरं पडलेलं.

"आत्या, ऊठ ना."

"धरलंय त्यानं." दातावर दात दाबून बोलत होती. "बोट धरलंय. आन हात फिरंना माजा, मनगट आडकलंय दगडात."

मी पळत वर गेले. तात्या लांब, नुसता धुरळा. मी ओरडले, कुणाला ऐकू जाणार! परत खाली आले, तिचा खांदा धरला आणि ओढलं. आत्या अशी किंचाळली की माझे हातच सुटले.

"वडू नगंस भवाने! वडलं की त्यो आजून दाबतोय! आत तंगड्या रोवून बसलाय."

"मग काय करू?"

"गप ऱ्हा. आपुन हललो न्हाय तर सोडतोय त्यो."

गप राहा! मागच्या पुलापासून पाणी यायला दहा मिनिटं लागतात, फार तर. मी एक दगड उचलला, भोकाची कड फोडावी म्हणून. एक घाव घातला तर तिनं शिवी दिली, हादरा बसला की आत पकड आणखी घट्ट. मला रडू फुटलं.

मग तीच म्हणाली, "बादली रिकामी कर. डबक्यातलं पाणी वत भोकात. पाण्यात गेला की सोडतोय त्यो, पळायला."

सगळे खेकडे ओतून दिले. बादली भरली, ओतली. भोक आतून वर चढत गेलेलं, पाणी सगळं बाहेर. परत भरली, परत बाहेर. पाच-सहा वेळा केलं असेल. मग आवाज आला, लांबून, वाळल्या पाल्यावरून काहीतरी ओढत आणल्यासारखा.

"ऱ्हाऊ दे आता," आत्या म्हणाली. "माजं डोस्कं वर धर फकस्त."

"आत्या, पाणी आलं गं!"

"मंग येऊ दे की. त्येच पायजे आपल्याला."

मला वाटलं तिला भ्रम झालाय.

आधी फेस आला, काटक्या, एक चप्पल, प्लॅस्टिकच्या बाटल्या. मग घोट्याएवढं गार पाणी. मी तिच्या मानेखाली हात घालून बसले होते. पाणी तिच्या कानाला लागलं, मी डोकं आणखी वर उचललं. भोक अर्धं बुडालं. ती डोळे मिटून पडलेली. भोक पूर्ण बुडालं. पाणी तिच्या हनुवटीला आलं आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडून नुसतं "सोड, सोड, सोड" म्हणत होते, त्या खेकड्याला!

"सोडलं!" आत्या म्हणाली. तिनं मनगट पिळवटून फिरवलं आणि हात बाहेर. बोटातून रक्त. उभ्या राहिलो तर पाणी मांडीला, ओढ एवढी की पाय टेकेना. मी तिच्या पदराचं टोक मुठीत गुंडाळलं, आणि दगडांच्या फटीत बोटं घालत दोघी वर.

तात्या परत येत होते. आम्हाला बघून गाडी आडवीच टाकली.

"वैनी, तुमी? साऱ्या गावाला शिकवता आन तुमीच?"

"चुकलं तात्या," आत्या म्हणाली. "मोठा दिसला, मला ऱ्हावलं न्हाय."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघेना. आणि मी काहीच बोलले नाही. डॉक्टरांनी टाके घातले तेव्हा नाही, घरी सगळे तिला हसले तेव्हाही नाही. "म्हातारपणी हावरी झाली" म्हणे, आणि ती पण हसत होती.

संध्याकाळी तिला धारा काढता येईनात म्हणून मी गोठ्यात बसले. मामा, म्हणजे आत्याचे मालक, म्हशीला पेंड घालत होते. मी खाली मान घालूनच म्हणाले, "मामा, एकच अजून धर असं मी म्हणाले होते. आत्या निघाली होती."

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "ती आन पाण्याच्या दिवशी थांबती व्हय? आता मला सांगितलंस, तसं तात्याला जाऊन सांग. न्हायतर उद्यापासनं त्या बाईचं पुलाखाली कुनी ऐकायचं न्हाय."

मी धार अर्धी सोडून उठले आणि चालत तात्यांच्या घरी गेले.