पेन्टेनचा चौथा आयसोमर

ताई-दादांनो, तुमच्यात कोणी बारावीचे पेपर तपासतं का? प्लीज लगेच सांगा, कामतघरच्या सायबर कॅफेत रडत बसलेय.

आज माझा केमिस्ट्रीचा पेपर होता, दुसऱ्यांदा. या वेळी दांडी उडाली तर कॉलेज बंद आणि लग्न, असं घरी ठरलंय.

पेन्टेनचे सगळे आयसोमर, म्हणजे तेच अणू वेगवेगळ्या प्रकारे जोडलेल्या रचना, काढायचे होते. एकात फांदी डाव्या टोकाजवळ काढली, एकात उजव्या. बाकीचे दोन धरून चार झाले. कसली खूश होते मी!

बाहेर आल्यावर माझ्या मैत्रिणीने, शबानाने, मी प्रश्नपत्रिकेवर काढलेलं रफ बघितलं आणि कागद फिरवला. "उलटा करके देख ना, दोनो एकच है. तीनच होते हैं."

अहो, पण आमचं लूमवाल्याचं घर! आमच्याकडे कापडाची उलटी बाजू आणि सुलटी बाजू एक कशी असेल? पप्पा कापड तपासतात. सकाळीसुद्धा म्हणाले, "उलटसुलट करून बघ, मगच पेपर दे."

एक जास्त काढला म्हणून बरोबर आलेले तीनही कापतात का हो?

घरी गेल्या गेल्या पप्पा विचारणार, "उलटसुलट करून बघितलंस ना?"

बघितलं, पप्पा. तिथेच तर मेले.