पावलांची तालीम

उस्तादाकडे मोबाईलवरचा बंदुकांचा गेम शिकायला गेलेल्याच्या हाती पहिला आठवडा मोबाईल यायचाच नाही. डोळ्यांवर गमछा, कानांत हेडफोन. खेळणार उस्ताद, आणि शत्रूचं पाऊल कुठून वाजलं ते सांगायचं आपण. बारावीला नापास झालो तेव्हा झाली नव्हती एवढी माझी शोभा त्या आठवड्यात झाली.

उस्ताद वसमतजवळच्या एका शेडात, हळदीला पॉलिश करायच्या ड्रमवर कामाला होता. वाळलेली हळकुंडं त्या लोखंडी ड्रममध्ये दिवसभर खडखडत असत. शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागे. वय पंचविशीचं, पण आम्हाला बापासारखा झापायचा. बसस्टँडवर टाईमपास खेळणाऱ्यांतून त्याने आम्हा तिघांना उचललं, कारण त्याला चौघांचा संघ घेऊन लीगमध्ये उतरायचं होतं. त्यापलीकडे त्याला काही नको होतं, लग्नसुद्धा.

"टाईमपासात मेलेला हसत असतो," तो म्हणायचा. "लीगमदी मेलेला बाकीच्या तिघायला घेऊन मरतो." आरडाओरडा त्याला खपत नसे. "चौघं मिळून बोलले तं कुणीच बोललं न्हाई समजा."

सरावात त्याचा एकच धोशा असे: "सांग, कुठून येऊन राहिला?" तोंडी परीक्षेसारखी आम्ही उत्तरं द्यायचो. मी चुकून डावीकडे म्हणालो, की तोही डावीकडे वळायचा आणि उजवीकडून गोळी खाऊन मरायचा. वर शांतपणे म्हणायचा, "पाहिलंस? तुझ्या एका शब्दानं माणूस गेला." चूक अंगावर घेऊन शिकवणारा असा मास्तर आम्हाला शाळेतही भेटला नव्हता. आम्ही त्याच्यावर जीव टाकायचो.

लीगची निवड फेरी नांदेडला होती, एका हॉलमध्ये. पहिल्याच सामन्यात आम्ही तिघं मेलो आणि उस्ताद एकटा उरला. मेलेल्याने बोलायचं नाही, असा तिथला नियम. आम्ही आपापल्या मोबाईलवर त्याचा खेळ पाहत होतो. त्याच्या मागून पावलं वाजत आली, अगदी जवळ आली. आमच्या हेडफोनमध्ये ती स्वच्छ ऐकू येत होती. उस्ताद भिंतीकडे तोंड करून निवांत बंदूक भरत होता. गोळी लागली तेव्हा त्याने हेडफोन काढला आणि विचारलं, "हा कवा आला?"

मग तोच म्हणाला, "लई दिवस झाले, पावलं ऐकूच येत न्हाईत मला. तुमचे कान होते म्हून खेळून राहिलो होतो." म्हणजे इतके दिवस तो परीक्षा घेत नव्हता, खरंच विचारत होता. मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो त्या ड्रमचा.

पुढच्या सामन्यांतून त्याने स्वतःचं नाव काढलं आणि बसस्टँडवरून सोबत आणलेल्या राखीव खेळाडूचं घातलं. आम्ही हातापाया पडलो. "पुन्हा एकटा उरलो तं काय करू मी?" एवढंच म्हणाला. त्याच्यावाचून आम्ही लीगमध्ये पोचलो.

तिथला पहिला सामना जिंकलो, त्याचं चित्रण दाखवायला मी शेडात गेलो. जेवणाची सुट्टी होती, ड्रम बंद होता. उस्ताद पोत्यावर बसून पाहू लागला. मध्येच त्याने आवाज वाढवला, मग आणखी, मग पूर्ण. हळद निवडणाऱ्या बायांनी माना वळवल्या, एकीने कानांवर पदर घेतला.

"चांगले खेळले," तो म्हणाला आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

हे काम सोड, दुसरं काही बघ, असं मी त्याला मोठ्याने दोनदा सांगितलं.

"काहून?" तो उठला आणि ड्रम सुरू करायला निघाला. "आता हितं मला आवाजाची तकलीफ न्हाई."