थर्मासमधली लस

बाबांना कुत्रं चावलं ते परदेशीपुऱ्यात, आमच्याच दारात. रोज त्यांच्या हातचे पोहे खाणारं कुत्रं! पहिलं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळालं. दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी खिडकीतून उत्तर आलं, "ऊपर से माल नहीं आया."

का नाही आला? कारण अख्ख्या राज्याला रेबीजची लस पुरवायचा ठेका एकाच कंपनीला. तिने हात वर केले की सगळ्यांनी बोंबलत बसायचं. आणि पलासियाच्या खासगी क्लिनिकच्या फ्रीजमध्ये दुसऱ्या कंपन्यांची लस पडलेली! रेबीज झाला की माणूस वाचत नाही, हे यांना कुणी सांगायचं?

"बाबा, पलासियाला चला."

"सरकारी येईल. थांबू."

बाबा सरकारी शाळेतले रिटायर मास्तर. पोलिओच्या ड्यूटीवर घरोघर हिंडून त्यांनी लोकांना पटवलं होतं की सरकारी लस चांगली, फुकट आणि हमखास मिळणारी. ते बाकावरून हलेनात. शेजारी लसीसाठीच थांबलेले सियागंज बाजारातला एक हमाल आणि आमच्या गल्लीतली एक बाई, हाताला फडकं गुंडाळून.

शेवटी मीच पलासियाहून लस आणली, बर्फाच्या थर्मासमधून. बाबांचा चेहरा खुलला. सरकारी दवाखान्यात ही लस कातडीत थोडी थोडी टोचतात, एका बाटलीत चार-पाच जणांचं भागतं. ते उठून म्हणाले, "सिस्टरजी, खोलिए. इन सबका हो जाएगा."

"बाबूजी, बाहर का नहीं लगा सकते. जिसका ठेका, उसी का लगेगा."

स्वतःचा माल नाही आणि दुसऱ्याचा चालत नाही! मी आवाज चढवला, साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "मैडम, समझिए." काय कप्पाळ समजायचं?

बाबांना ओढतच पलासियाला नेलं. तिथे अख्खी बाटली त्यांच्या एकट्याच्या दंडात रिकामी केली.

घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "त्या बाईच्या पोरांना मीच थेंब पाजले होते गं. आपण निघालो तेव्हा तिने विचारलं, मास्साब, बैठें के जाएँ?"

"मग?"

"तोंडातून तेच निघालं. बैठो, सरकारी है, आएगा."