हलका रिसीव्हर

टीव्हीला जोडायचा होम थिएटरचा रिसीव्हर मी माझ्या पसंतीने घेतला, याचा राग आमच्या चोपड्याच्या नातेवाइकांना अजून आहे. आमच्याकडे आवाजाची पारख लग्नाच्या डीजेवरून होते. मांडवात शेजारच्याचं बोलणं ऐकू आलं, तर डीजेवाला कच्चा. म्हणूनच जळगावच्या दुकानात दणदणीत आवाजाचा रिसीव्हर निवडायला माझे चुलते, नाना, पुढे झाले. केळीचा घड तोलावा तसा त्यांनी मी दाखवलेला रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाले, "हाई ते हलकं शे. याम्हा काय दम नई."

दुकानदाराने लगेच एक जडशीळ खोकं पुढे सरकवलं.

पण मी वापरणाऱ्यांची मतं वाचून गेले होते. जड रिसीव्हरच्या मालकांनी खिडक्यांच्या काचा कशा थरथरतात, तेच कौतुकाने लिहिलं होतं. हलक्याबद्दल एका बाईने लिहिलं होतं, की हळू आवाजातही प्रत्येक संवाद कळतो. मला काचा वाजवायच्या नव्हत्या. आजवर घरातल्या पुरुषांच्या गप्पांमधून संवादांचे तुकडे वेचत मी सिनेमे पाहिले होते. मी हलकाच घेतला.

पहिल्याच संध्याकाळी नाना मुद्दाम आले. सिनेमा सुरू झाला, तसं त्यांचं केळीच्या कापणीचं पुराणही सुरू झालं. मधेच थांबून ते म्हणाले, "काहीच ऐकू येत नई. वाढव आवाज."

मी रिमोट मांडीखाली घेतला.

"आवाज पुरेसा आहे, नाना. तुम्ही बोलायचं थांबा."